‘सिझिजी’ म्हणजे नेमकं काय?

तीन खगोलीय पिंड जवळपास एका सरळ रेषेत आले की ती सिझिजी. बहुतेक वेळा सूर्य, पृथ्वी आणि चंद्र. ग्रीक ‘सिझिगिया’ म्हणजे एका जुवाला जुंपलेली जोडी. त्यातला ‘झिगॉन’ म्हणजे जू. संस्कृत ‘युग’ आणि त्यातून आलेलं आपलं ‘जू’ त्याच मुळातले, त्यामुळे शब्द वाटतो तितका परका नाही.

नवखे ‘सिझिजी म्हणजे युती’ असं लिहून मोकळे होतात. ते अर्धंच. अमावास्येची युती (पृथ्वीवरून पाहता सूर्य-चंद्रातलं अंतर 0 अंश) आणि पौर्णिमेची प्रतियुती (180 अंश), दोन्ही सिझिजीच. नेमका क्षण हवा असेल तर पंचांगात त्या तिथीची समाप्तीची वेळ पाहा, सुरुवातीची नको. एक तिथी 12 अंशांची असते, म्हणजे सुरुवातीला चंद्र तेवढा मागे असतो.

दर सिझिजीला ग्रहण धरू नका. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे 5 अंश कललेली आहे. ती या पातळीला जिथे छेदते त्या राहू-केतू या पातबिंदूंजवळ चंद्र असेल तरच ग्रहण. उधाणाची भरती मात्र दरवेळी येते, पण सहसा एक-दोन दिवस उशिरा.