ऑटोमॅटिक गाडीत ३००० स्टॉलचा टॉर्क कन्व्हर्टर टाकला तर गाडी ३००० आरपीएमपर्यंत हलणारच नाही का?

हलते हो, बिनधास्त हलते. मीही आधी असाच घाबरलो होतो.

कन्व्हर्टर इंजिनाचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवतो. त्याची टर्बाइन, म्हणजे गिअरबॉक्सकडची बाजू, जाम धरली आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर इंजिन जिथवर चढून अडकेल तो आकडा म्हणजे स्टॉल स्पीड. सिग्नलवरून निघताना इंजिन कुठे एवढा जोर लावतं? थोडा पाय दिला की दीड-दोन हजारांवरच गाडी सरकते. फक्त जरा सैल वाटते: आवाज आधी चढतो, गाडी मागून येते.

शिवाय तो आकडा एकट्या कन्व्हर्टरचा नसतो. तोच नग जास्त टॉर्कच्या इंजिनामागे लावला की स्टॉल वर जातो. हिशेब वर्गमुळाचा आहे, टॉर्क दीडपट तर स्टॉल साधारण सव्वापट. म्हणून खोक्यावरचा ‘३०००’ वाचून घेऊ नका.

तुमच्या ३५० घनइंची शेव्हरले इंजिनात मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकल्यापासून ‘डी’मध्ये, म्हणजे ड्राइव्हमध्ये, थांबलं की इंजिन बंद पडतं, असं तुम्ही लिहिलंय. असा कॅम खालच्या आरपीएमला दम धरत नाही, आणि मूळ कन्व्हर्टर आयडलिंगलाही इंजिनाला ओढत असतो. जास्त स्टॉलचा घेतला की ते ओझं हलकं होतं आणि सुटताना इंजिन चटकन आपल्या जोरात येतं.

पण कन्व्हर्टरच्या दोन बाजूंच्या वेगात जितका फरक, म्हणजे जितकी घसरण, तितकी उष्णता. माझी फजिती सांगतो. नवा कन्व्हर्टर बसवल्यावर डावा पाय ब्रेकवर, उजवा पूर्ण खाली, असा स्टॉल मोजायला बसलो. काटा २६०० ला पोचला आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. नग खोटा निघाला म्हणत चार-पाच वेळा तेच केलं. डिपस्टिक काढली तर लालभडक ऑइल उकळलेल्या चहासारखं, वर करपट वास. कन्व्हर्टर ठीकच होता, ब्रेकच पुरे पडत नव्हते! खरा आकडा ट्रान्सब्रेकवरच कळतो. तो पहिला आणि रिव्हर्स गिअर एकदम पकडून गिअरबॉक्स जखडतो. तेही दोन-चार सेकंदच, नाहीतर ऑइल शिजतं.

तेव्हा वेगळा ऑइल कूलर आधी लावा. गाडीचं वजन आणि मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर लिहिलेलं नाही, ते कळवा. ३.०८ असेल आणि रोज रस्त्यावर चालवणार असाल, तर मी तरी २४०० च्या वर जाणार नाही.