जेम्स म्हणजे सान्तियागो?

प्रश्न असा आहे: स्पॅनिशच्या पुस्तकात ‘जेम्स = सान्तियागो’ असं दिलंय. उच्चारात कसलाच मेळ नाही, मग हे भाषांतर झालं कसं?

भाषांतर नाहीच ते. दोघे एकाच घरचे, पण लहानपणीच ताटातूट झालेले. मूळ हिब्रू नाव याकोव, लॅटिनमध्ये याकोबुस. लोकांच्या तोंडी त्याचं याकोमुस झालं. त्यातून फ्रेंचमार्गे इंग्रजी जेम्स आलं, आणि स्पॅनिशमधलं हाइमेही त्याच वळणाचं. दुसरीकडे स्पेनमध्ये याकोबुस झिजत झिजत यागो झाला. येशूच्या याच नावाच्या शिष्याला लोक ‘सान्त यागो’ म्हणायचे आणि म्हणता म्हणता त्यातला संत नावातच मुरला. म्हणून ‘सेंट सान्तियागो’ म्हणणं म्हणजे आपला पिवळा पीतांबर!

त्यामुळे जेम्सला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं, हे जेम्स कोण यावर ठरतं. प्रेषित, म्हणजे येशूचा तो शिष्य, असेल तर सान्तियागो. 1603 साली इंग्लंडच्या गादीवर आलेला पहिला जेम्स स्पॅनिश इतिहासात हाकोबो आहे. इंग्रजी पुस्तकांतला आरागॉनचा (स्पेनमधलं जुनं राज्य) राजा पहिला जेम्स मात्र स्पॅनिशमध्ये हाइमे. आणि शेजारच्या टेबलावरचा जेम्स? तो जेम्सच. हल्ली साध्या माणसांची नावं कुणी बदलत नाही. ती हौस राजेरजवाडे आणि पोप यांच्यापुरती उरली आहे. इंग्लंडचा आताचा राजा चार्ल्स स्पॅनिश वर्तमानपत्रांत कार्लोसच असतो. उलट दिशेने मात्र इंग्रजीने हात आखडता घेतलाय: स्पेनचा सोळाव्या शतकातला राजा फेलिपे इंग्रजीत फिलिप, पण आताचा सहावा फेलिपे फेलिपेच.

दिएगोही यातलाच, असं ठिकठिकाणी वाचायला मिळतं: ‘सान्त यागो’ चुकीच्या जागी तोडून ‘सान तियागो’ आणि त्यातून दिएगो. व्युत्पत्ती गोड आहे, पण मी तरी पैज लावणार नाही. जुन्या लॅटिन कागदपत्रांत दिएगोला दिदाकुस म्हटलेलं सापडतं आणि अभ्यासकांत एकमत नाही. कॅलिफोर्नियातलं सॅन दिएगो ज्याच्या नावाचं, तो अल्कालाचा दिएगो हा पंधराव्या शतकातला वेगळाच संत. त्या शहराला ‘सेंट जेम्स’ करायला जाऊ नका.

या सगळ्या गोंधळात मराठी बायबल मला फार आवडतं. जुन्या करारातला इसहाकाचा मुलगा इंग्रजीत जेकब, नव्या करारातला शिष्य जेम्स. एकाच नावाची दोन नावं. मराठीत दोघेही याकोब, आणि नव्या करारातलं जेम्सच्या नावाचं पत्रही ‘याकोबाचे पत्र’.