स्मिता पाटील ३१ वर्षांत एवढं काय करून गेली, आणि तिचे सिनेमे बघायला कुठून सुरुवात करावी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. जेमतेम ३१ वर्षं जगलेल्या आणि त्यातली बारा-तेरा वर्षंच सिनेमात काढलेल्या स्मिता पाटीलबद्दल लोक अजून एवढ्या जिव्हाळ्याने का बोलतात, ही पहिली. आणि तिचा एकही सिनेमा पाहिलेला नसेल तर आधी कुठला बघावा, ही दुसरी. दुसऱ्याचं उत्तर लगेच देते: 'उंबरठा'. का, ते पुढे येईल. तिच्याबद्दल मी एकेरीत लिहिणार आहे. आमच्या घरात ती कायम 'आपली स्मिता' होती, आता या वयात ते बदलायला जमणार नाही.

हल्ली तिच्यावर जे काही लिहिलं-बोललं जातं, ते शेवटापासून सुरू होतं, आणि मला ते फार लागतं. राज बब्बर यांच्याशी असलेलं नातं, त्यांचं आधीचं लग्न, २८ नोव्हेंबर १९८६ला झालेला मुलगा प्रतीक, बाळंतपणानंतर वाढत गेलेलं दुखणं आणि १३ डिसेंबरला तिचं जाणं. मूल पंधरा दिवसांचं होतं. हे सगळं खरं आहे, भयंकर आहे, पण तेवढंच ऐकलेल्या माणसाला ती काय होती हे कळत नाही. म्हणून मी दुसऱ्या टोकापासून सांगते.

जन्म १७ ऑक्टोबर १९५५, पुणे. वडील शिवाजीराव गिरधर पाटील, खानदेशातल्या शिरपूरकडचे, स्वातंत्र्यसैनिक, पुढे महाराष्ट्रात मंत्री. आई विद्याताई सामाजिक कामातल्या. घर राष्ट्र सेवा दलाचं, म्हणजे समाजवादी विचारांच्या तरुणांच्या संघटनेतलं, आणि स्मिता सेवा दलाच्या कलापथकात वाढली. कलापथक म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगावं लागतं: गाणी-नाटकं घेऊन गावोगाव फिरणारं पथक. मी स्वतः शाळेत असताना दोन वर्षं एका छोट्या पथकात होते, म्हणून थोडं सांगू शकते. तिथे कुणी हिरॉईन नसते. सतरंज्या आपणच अंथरायच्या, पडदा आपणच बांधायचा, रात्री ज्यांच्या घरी उतरायचं त्या घरच्या बाईबरोबर भाकऱ्या थापायला बसायचं, आणि सकाळी पुन्हा समूहगीतात उभं राहायचं. निळू फुले, दादा कोंडके, राम नगरकर ही मंडळी याच मुशीतून आलेली. तिथे तुम्ही अभिनय शिकत नाही. माणसं कशी बसतात, कशी उठतात, ओझं कसं उचलतात, दमल्यावर हात कुठे टेकतात, हे तुमच्या अंगात उतरत जातं. स्मिताच्या कामाचं मूळ शोधायचं तर मी तिथेच शोधेन.

मग दूरदर्शन. पुण्यात मुंबई दूरदर्शन दिसायला लागलं तेव्हा आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता, आणि मराठी बातम्यांना खोली भरून जायची. सावळी, मोठ्या डोळ्यांची, कपाळावर मोठं कुंकू लावलेली ही मुलगी बातम्या वाचायची, आणि माझी आत्या बातम्या ऐकायच्या सोडून तिच्याकडे बघत बसायची. एरवी जीन्समध्ये वावरणारी स्मिता बातम्यांपुरती त्यावरूनच साडी गुंडाळायची, असं तिच्याबरोबर काम केलेली मंडळी पुढे सांगत. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. आत्याला फक्त एवढं कळलं होतं, की सावळ्या मुलीला टीव्हीवर बसवतात. त्या काळात आमच्यासारख्या घरांत ही किती मोठी गोष्ट होती हे सांगून कळणार नाही. मुलगी बघायला आलेली माणसं रंगावरून परत जात.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ती विद्यार्थिनी नव्हती, पण अरुण खोपकरांनी तिथे शिकताना केलेल्या पदविका-चित्रपटात, 'तीव्र मध्यम'मध्ये, तिने काम केलं होतं. श्याम बेनेगल यांनी तिला हेरलं आणि 'चरणदास चोर', 'निशांत', 'मंथन', 'भूमिका' असे चार सिनेमे १९७५ ते १९७७ या तीन वर्षांत आले.

'मंथन' हा गुजरातच्या दूध सहकारावरचा सिनेमा. पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये घालून तो निर्माण केला, आणि पुढे ट्रक भरभरून तो बघायला गेले. चित्रीकरण खेड्यात चाललं होतं. बघायला आलेल्या लोकांनी विचारलं, सिनेमाची हिरॉईन कुठेय? ती समोरच गावातल्या बायकांमध्ये बसली होती आणि त्यांना ओळखू आली नाही. ही गोष्ट खूप वेळा सांगितली जाते, बहुतेक कौतुकाने, साधेपणाचं उदाहरण म्हणून. मला ती साधेपणाची वाटत नाही. वीस-एकवीस वर्षांची, मंत्र्याची मुलगी, गुजरातच्या खेड्यातल्या बायकांत बसते आणि वेगळी दिसत नाही, ही केवढी मोठी कला आहे! कपडे सगळ्यांनाच बदलता येतात. बसणं बदलता येत नाही. (२०२४मध्ये 'मंथन'ची दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली. शक्य असेल तर तीच बघा, जुन्या प्रतींत रंग पार उडालेले आहेत.)

'भूमिका'साठी तिला पहिलं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. मराठी नटी हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर तो बेतलेला. पोरसवदा नटीपासून मध्यमवयीन, पुरुषांनी आणि स्वतःच्या निर्णयांनी दमवलेल्या बाईपर्यंत सगळं वय स्मिताने केलं, आणि तेव्हा ती स्वतः एकवीस-बावीस वर्षांची होती. अमोल पालेकरांनी केलेला नवरा आणि अमरीश पुरींनी केलेला जमीनदार, दोघांच्या घरांत तिची चाल वेगळी आहे, हे मला तिसऱ्यांदा बघताना कळलं. पण नवशिक्या प्रेक्षकाने इथून सुरुवात करू नये. काळ मागेपुढे होतो, आणि मूळ पुस्तक वाचलेलं असेल तर सिनेमा कितीतरी जास्त देतो.

आता एक गोष्ट, जी आपण मराठी माणसंच विसरतो. देश तिला हिंदी समांतर सिनेमाची नटी म्हणून ओळखतो, पण त्या सिनेमांच्या मुळाशी किती मराठी लेखणी आहे बघा. 'भूमिका' हंसाबाईंची. 'चक्र' जयवंत दळवींच्या कादंबरीवरून. 'निशांत', 'मंथन', 'आक्रोश' यांच्यामागे विजय तेंडुलकर. 'अर्धसत्य'ची कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा पुन्हा तेंडुलकरांची. मराठीत 'जैत रे जैत' गो. नी. दांडेकरांचं, 'उंबरठा' शांता निसळ यांच्या 'बेघर'वरून. साठ-सत्तरच्या दशकांतलं मराठी लेखन ज्या बायकांबद्दल लिहीत होतं, त्यांना चेहरा आणि शरीर स्मिताने दिलं. तिने या बाया नुसत्या वाचल्या नव्हत्या, कलापथकाच्या दौऱ्यांत त्यांच्या घरी ती जेवली होती. म्हणून ते एवढं खरं वाटतं, असं मी मानते.

'जैत रे जैत' मी मुद्दाम दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. जब्बार पटेल यांचा १९७७चा सिनेमा, ठाकर आदिवासींच्या वस्तीतला. मोहन आगाशे नाग्या, स्मिता चिंधी. ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत असल्यामुळे गाणी तुम्ही ऐकलेली असणारच. 'मी रात टाकली' ऐकताना आता ती नाचते कशी ते बघा. सफाई कमी आहे, आणि ते बरोबर आहे, कारण चिंधी नर्तकी नाही. नको असलेल्या नवऱ्यातून स्वतःला सोडवून घेऊन आलेली, मोकळी झालेली बाई नाचते तसं ते नाचणं आहे.

'चक्र'मधल्या झोपडपट्टीतल्या अम्माने तिला दुसरं राष्ट्रीय पारितोषिक दिलं. त्यात उघड्यावर अंघोळ करायचं एक दृश्य आहे. आडोसा नसलेल्या बाईची रोजची अंघोळ, एवढंच. पण पोस्टरवर नेमकं तेच लावलं गेलं. स्मिताला ते खटकलं आणि तिने मुलाखतीत तसं स्पष्ट सांगितलं, की बाईचं अंग दाखवलं तर गर्दी होईल हे प्रेक्षकांवर लादलं जातंय. १९८०च्या आसपास, स्वतःच्याच सिनेमाच्या जाहिरातीबद्दल हे बोलायला काय लागतं, याचा विचार करा.

व्यावसायिक सिनेमाबद्दल तिला लोक अजून दोष देतात, 'नमक हलाल' का केला म्हणून. तिने स्वतःच सांगून ठेवलं होतं: सुमारे पाच वर्षं तिने व्यावसायिक सिनेमे नाकारले, आणि मग छोट्या सिनेमावाल्यांनाच नावाजलेले चेहरे हवेसे झाले. जिच्या जिवावर ती चळवळ उभी राहिली, तिलाच एक-दोन ठिकाणी वगळलं गेलं. मग तिने नाव कमवायचं ठरवलं. १९८२मध्ये 'नमक हलाल' आणि 'शक्ती' दोन्ही आले. 'नमक हलाल'मधलं पावसातलं ते गाणं केल्यावर ती बेचैन होती, असं सांगतात. मला ते गाणं बघवत नाही हे खरं, पण तिच्या निर्णयात मला चूक दिसत नाही. त्याच वर्षात 'बाजार', 'अर्थ' आणि 'उंबरठा' आहेत.

तर 'उंबरठा'. सुलभा महाजन. सुखवस्तू घर, वकील नवरा (गिरीश कर्नाड), समाजकार्य करणारी सासू, एक छोटी मुलगी. सुलभा दूरच्या गावी महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून नोकरी घेते. तिथली सडलेली व्यवस्था, आतल्या बायकांचं जगणं, तिची झुंज आणि हार, आणि परत आल्यावर घरात तिची जागा उरलेली नसणं. शेवटी ती पुन्हा निघते. त्यातलं 'गगन सदन तेजोमय' वसंत बापटांचं, म्हणजे सेवा दलाच्या कलापथकाला ज्यांनी गाणी दिली त्यांचंच. मला हा योगायोग फार आवडतो.

मी तो आईबरोबर पाहिला. मी वीस वर्षांची, आई बेचाळीसची. बाहेर पडल्यावर आई रागावलेली होती. "पोरीला टाकून गेली," एवढंच म्हणाली. मी सुलभाची बाजू घेऊन बसस्टॉपपर्यंत भांडले. पुढची कित्येक वर्षं आमच्या घरात हे भांडण अधूनमधून निघायचं, कुणाच्या मुलीने नोकरीसाठी गाव सोडलं की हमखास. मग आई साठीला आली तेव्हा एकदा टीव्हीवर 'उंबरठा' लागला. आम्ही दोघींनी पुन्हा शेवटपर्यंत बघितला. मी भांडायच्या तयारीत होते. आई म्हणाली, "चुकलीच ती. पण गाडीत बसलीय कशी बघ. मी अशी कधी बसलेच नाही." आणि ती उठून कुकर लावायला गेली. एका नटीने काय केलं, या तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. वाद न घालता, नुसतं रेल्वेच्या डब्यात बसून, तिने माझ्या आईला काहीतरी सांगितलं, आणि ते पोचायला जवळजवळ वीस वर्षं लागली.

बाकीचं भराभर सांगते. मृणाल सेन यांच्या बंगाली 'अकालेर संधाने'मध्ये ती दुष्काळावर सिनेमा करायला खेड्यात गेलेल्या नटीच्या, म्हणजे जवळपास स्वतःच्याच भूमिकेत आहे. सत्यजित राय यांच्या 'सद्गती'त ती आहे, अरविंदन यांच्या मल्याळम 'चिदंबरम'मध्ये आहे, केतन मेहतांच्या गुजराती 'भवनी भवाई'त आहे. १९८५मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा ती तिशीचीही नव्हती.

'मिर्च मसाला' मात्र शेवटी ठेवा. केतन मेहतांचाच, ती गेल्यावर १९८७मध्ये लागला. सोनबाई सुभेदाराच्या मुस्कटात मारून पळते आणि मिरच्या कुटायच्या कारखान्यात आसरा घेते. सगळं गाव म्हणतं, तिला देऊन टाका. आतल्या बायकासुद्धा आधी तेच म्हणतात. म्हातारा पहारेकरी अबू मियाँ, म्हणजे ओम पुरी, तेवढा दार उघडत नाही. आम्ही गेलो तेव्हा ती जाऊन काहीच महिने झाले होते, आणि पडद्यावर नाव आलं तेव्हा थिएटरात कुणीतरी हुंदका दिला. त्यानंतर मात्र कुणी रडलं नाही, सिनेमाने तेवढी उसंतच दिली नाही. शेवटी दार फुटतं, बायका सुभेदाराच्या डोळ्यांत मिरचीची पूड फेकतात, हवा लालभडक होते. सोनबाई हातात विळा घेऊन उभी आहे, समोर बघते आहे, आणि चित्र तिथेच थांबतं.