टॅव्हर्न म्हणजे गुत्ता नव्हे

न्यूयॉर्कच्या इतिहासावरील लेखाचे भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की ‘टॅव्हर्न’साठी ‘गुत्ता’ हा शब्द चालेल का, आणि टॅव्हर्न व हॉटेल यांत भेद कोणता. गुत्ता मुळीच चालणार नाही. तो छापील मजकुरातही वारंवार भेटू लागला आहे, म्हणून हे ठासून सांगणे भाग आहे. ४ डिसेंबर १७८३ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी आपल्या सेनाधिकाऱ्यांचा निरोप घेतला, तो पर्ल स्ट्रीटवरील फ्रॉन्सिस टॅव्हर्नच्या माडीवर. पुढे काही वर्षे त्याच वास्तूत नव्या राष्ट्राच्या परराष्ट्र, युद्ध आणि अर्थ या खात्यांच्या कचेऱ्या होत्या. असे व्यवहार गुत्त्यात होत नसतात. शिवाय गुत्ता म्हणजे मुळात मक्ता. मराठवाड्यात रस्त्याचे काम घेणाऱ्याला आजही गुत्तेदार म्हणतात, आणि दारूविक्रीच्या मक्त्यावरून तो शब्द दुकानाला चिकटला.

लॅटिनमध्ये ‘ताबेर्ना’ म्हणजे झोपडी किंवा दुकान, आणि गोव्यातील ‘तावेर्न’ हा त्याचाच पोर्तुगीजांमार्फत आलेला वंशज, एवढे कोणत्याही कोशात सापडते. मात्र न्यूयॉर्कचा प्रश्न लॅटिनने सुटत नाही, कारण हे शहर १६६४ पर्यंत डचांचे न्यू ॲमस्टरडॅम होते. तेथील गव्हर्नर विलेम किफ्ट घरी उतरणाऱ्या पाहुण्यांच्या सरबराईला कंटाळला होता, म्हणून त्याने १६४२च्या सुमारास आजच्या पर्ल स्ट्रीटवर, जिथे तेव्हा पाण्याचा काठ होता, एक मोठी दगडी इमारत बांधून घेतली. तिचे नाव ‘स्टाट्स हेर्बेर्ख’, म्हणजे नगराचे हेर्बेर्ख. १६५३ मध्ये नगराला स्वतःचे शासन मिळाले, तेव्हा हीच इमारत नगरभवन झाली. आज तिच्या पायाची रेषा फरसबंदीत पिवळ्या विटांनी आखलेली आहे, आणि शेजारीच १६७०च्या लव्हलेस टॅव्हर्नचा पाया जमिनीत बसवलेल्या काचेतून दिसतो.

आता या ‘हेर्बेर्ख’कडे पाहावे. जर्मानिक भाषांत ‘हेर’ म्हणजे सैन्य आणि ‘बेर्ख’ म्हणजे आसरा. सैन्य जिथे मुक्काम करते ती जागा, पुढे कोणाही वाटसरूचा मुक्काम. फ्रेंच ‘ओबेर्ज’ आणि इटालियन ‘आल्बेर्गो’ हे दोन्ही याच मुळाचे, आणि आपल्या मुंबईकरांच्या तोंडी रोज असलेला ‘हार्बर’ हाही याचाच सख्खा भाऊ. हार्बर हा मूळचा दर्यावर्दी शब्द आहे असे जे ठामपणे सांगतात, त्यांनी १८६४ साली कोल्ड हार्बरची लढाई व्हर्जिनियात समुद्रापासून दूर, कोरड्या जमिनीवर कशी झाली याचा खुलासा करावा. तिथे हार्बर म्हणजे केवळ निवारा. जहाजांचा निवारा हा अर्थ या मूळ अर्थानंतरचा. न्यूयॉर्कचे बंदर आणि न्यूयॉर्कचे पहिले नगरभवन एकाच शब्दाच्या छायेत उभे आहेत, याहून सुंदर व्युत्पत्ती मला ठाऊक नाही.

म्हणून माझे मत असे, की डच काळातील अशा वास्तूला मराठीत ‘सराई’ म्हणावे. काही भाषांतरकार ‘पानगृह’ सुचवतात. तो शब्द निर्जीव तर आहेच, पण त्यात वाटसरू कुठेच नाही, आणि वाटसरू गेला की हेर्बेर्खमध्ये काही उरत नाही. सराईत दारू मिळत नसे, हा आक्षेप मी ऐकला आहे. तो गौण आहे, कारण राज्यकर्त्याने प्रवाशांसाठी बांधलेली मुक्कामाची जागा हे सराईचे मुख्य लक्षण किफ्टच्या इमारतीला तंतोतंत लागू पडते. इंग्रजी अमलातील वास्तूंसाठी मात्र ‘टॅव्हर्न’ हाच शब्द तसाच ठेवावा, कारण तो त्यांच्या विशेषनामाचा भाग झाला आहे. हॉटेल हा फ्रेंच शब्द अमेरिकेत अठराव्या शतकाच्या अखेरीस रुळला, आणि त्याआधीच्या कोणत्याही वास्तूला तो लावणे कालविसंगत ठरेल.