फाल्गुन-चैत्रातली बाग : वाचकांचे प्रश्न

फेब्रुवारी उजाडला की गावोगावच्या बागमंडळांची पत्रं वाढतात. यंदाचे बरेच प्रश्न फिरून एकाच ठिकाणी येतात. थंडी ओसरल्यापासून पारा चाळिशीकडे सरकेपर्यंत जेमतेम पाच-सहा आठवडे मिळतात. त्यांत काय उरकायचं आणि काय सरळ पावसाळ्यावर ढकलायचं?

आमचं मंडळ दरवर्षी गुढीपाडव्याला सभासदांना रोपं वाटतं. मे संपेपर्यंत निम्मी गेलेली असतात. रोपवाटिका बदलून पाहिली, तरी तेच. (बागमंडळ, सातारा)

रोपवाटिकेला दोष देण्याआधी तारीख पाहा. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला आणि २०२६ मध्ये १९ मार्चला. मुहूर्त तीन आठवडे मागेपुढे होतो, पण रोपाला नव्या मातीत मूळ धरायला लागणारे तीन-चार आठवडे काही कमी होत नाहीत. ९ एप्रिलला कुंडीत गेलेलं रोप सावरायच्या आतच कडक ऊन गाठतं. रोपवाटप फेब्रुवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उरकून घ्या. पाडव्याला काही द्यायचंच असेल तर बी द्या: भेंडी, गवार, चवळी, राजगिरा. उन्हातच उगवलेलं रोप उन्हाला सरावलेलं असतं. फळझाडांची कलमं मात्र जूनमध्येच वाटावीत, त्यात तडजोड नको.

दुसरं कारण पिशवीच्या आत आहे. रोपवाटिकेतलं रोप बहुतेक वेळा लाल चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात येतं. हा गोळा कोकोपीट-शेणखताच्या भुसभुशीत मिश्रणात तसाच बसवला की पाणी गोळ्याच्या कडेनं उतरतं आणि तळाच्या भोकातून निघून जातं. वरची माती ओली दिसते, गोळा आतून ठणठणीत कोरडा. मेलेलं रोप उपटून गोळा फोडून पाहिलात तर खात्री पटेल.

म्हणून वाटपाच्या ठिकाणीच हे करून दाखवा. पिशवी कापून गोळा पाण्याच्या बादलीत बुडवायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे साधारण १०-१५ मिनिटं, ठेवायचा. मग बाहेरचा बोटभर जाडीचा थर हलक्या हातानं सुटा करायचा, मधला भाग हलवायचा नाही. १२ इंची कुंडीसाठी दोन भाग पोयटा, एक भाग चाळलेलं जुनं शेणखत, एक भाग धुतलेलं कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड पुरते. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट भिजून आठ-नऊ लिटर होते. तिच्यात क्षार असतात, त्यामुळे दोनदा भिजवून पिळल्याशिवाय वापरू नका. लावल्यावर आठ दिवस सावली, मग आठवडाभर फक्त सकाळचं ऊन, त्यानंतर कायमची जागा.

सोसायटीत पर्जन्यवृक्ष, करंज आणि आंबा आहेत. फाल्गुनात रोज चार-पाच पोती पाला निघतो. मागच्या वर्षी ढीग लावला, पण सहा महिन्यांनीही पानं जशीच्या तशी. आता काही जण जाळून टाका म्हणतात. (पुणे)

जाळायचं नाही. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली आहे, हे समितीच्या बैठकीत सांगितलं तरी विषय मिटावा.

नुसत्या सुक्या पाल्याचा ढीग कुजत नाही याची कारणं दोन. एक, त्यात कार्बन भरपूर आणि नत्र नावाला. दोन, वाळलेलं पान पाणी धरत नाही, वरून पाइप मारला तरी ओलावा चार बोटांखाली जात नाही. हे दोन्ही आधीच सोडवा.

दहा फूट लांब आणि साडेतीन-चार फूट उंच जाळी गोल वळवून तारेनं बांधली की सुमारे तीन फूट व्यासाचा पिंजरा होतो. याहून लहान नको, आतली ऊब टिकत नाही. पाला रात्रभर पिंपात भिजवा. सकाळी अर्धा फूट जाडीचा थर टाकून पायानं दाबा. त्यावर ओलं काहीतरी हवं: हिरवळीची कापणी, भाजीची देठं, फुलांचं निर्माल्य. सुक्याच्या पाव भाग पुरे. मग शेणकाला, म्हणजे १० लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, थरावर शिंपडा आणि दोन-तीन मुठी बागेतली माती भुरभुरा. असे थर लावत पिंजरा भरा आणि वर गोणपाट ओलं करून टाका. मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात गोणपाटाशिवाय वरचा फूटभर भाग वाळून जातो.

चार-पाच दिवसांनी लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटांनी ओढून पाहा. हाताला चांगली गरम लागली तर काम सुरू झालंय. गार लागली तर ढीग कोरडा आहे किंवा ओला भाग कमी पडलाय. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर ओलं जास्त झालं, सुका पाला मिसळा. कुजक्या अंड्यासारखा वास म्हणजे पाणी साचलंय, ढीग उपसून मोकळा करा. ओलाव्याचा अंदाज मुठीनं घ्या: पाला पिळला तर बोटांतून थेंब-दोन थेंब यावेत, धार लागू नये. दर १५ दिवसांनी पिंजरा उचलून शेजारी ठेवायचा आणि बाहेरचा पाला आत जाईल असा ढीग पुन्हा भरायचा. हे दोन माणसांचं अर्ध्या तासाचं काम आहे, आणि बहुतेक मंडळांचा उत्साह नेमका इथेच संपतो. तेव्हा पाळ्या आधीच लावून घ्या.

पर्जन्यवृक्षाची बारीक पानं आणि करंजाचा पाला जूनपर्यंत काळे आणि भुसभुशीत होतात. आंब्याचं पान चिवट असतं, त्याला वेगळा पिंजरा द्या आणि पुढच्या वर्षापर्यंत वाट पाहा, किंवा तुकडे करून मिसळा. पर्जन्यवृक्षाच्या चिकट शेंगा मात्र वेचून काढा, नाहीतर खत घातलेल्या प्रत्येक कुंडीत त्याची रोपं उगवतील.

मोगरा हिरवागार आहे, पण फूल एकही नाही. रोज पाणी आणि दर आठवड्याला भाज्या धुतलेलं पाणी, डाळ-तांदळाचं धुवण देते. (ठाणे)

लाड कमी करा. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या टोकाला येते, आणि नवी जोमदार फूट छाटणीनंतर येते. सतत ओलावा आणि नत्र मिळालेलं झाड पानंच काढत बसतं.

जानेवारीअखेर ते फेब्रुवारी ही छाटणीची वेळ. त्याआधी पाणी तोडा. कुंडीतल्या झाडाला चार-पाच दिवस, जमिनीतल्याला आठ-दहा. पानं मलूल झाली की प्रत्येक फांदी एक तृतीयांश ते निम्मी कापा, काडीसारख्या आणि वाळक्या फांद्या बुडातून काढा, उरलेली पानं ओरबाडून टाका. वरची दोन इंच माती काढून तिच्या जागी दोन मुठी शेणखत आणि दोन चमचे हाडांचा चुरा भरा, भरपूर पाणी द्या आणि पाच-सहा तास थेट ऊन मिळेल अशा जागी कुंडी ठेवा. चार ते सहा आठवड्यांत कळ्या दिसतात. एक बहर संपला की फुलं आलेली टोकं दोन पेरांनी खुडत जा, पुढचा बहर त्यावर अवलंबून आहे. मार्च उलटून गेला असेल तर खोल छाटणी नको, नुसती टोकं खुडा. गॅलरीला ऊनच येत नसेल तर यातल्या कशाचाही उपयोग नाही. अशा वेळी मोगरा मंडळाच्या सामाईक गच्चीवर हलवा.

गच्चीवरच्या दोडक्याला आणि दुधीला बोटाएवढी फळं धरतात, पिवळी पडून गळतात. खत कमी पडतंय का? (कोल्हापूर)

खत नाही, परागीकरण कमी पडतंय. मादी फुलाच्या मागे चिमुकलं फळ जन्मतःच असतं, त्यामुळे फळ ‘धरलं’ असं वाटतं. नर फुलातला पराग त्याच्यापर्यंत पोचला नाही तर ते दोन-तीन दिवसांत पिवळं पडतं.

गंमत वेळेची आहे. काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात, दोडक्याची आणि दुधीची दिवस कलल्यावर. सकाळी ब्रश घेऊन दोडक्याच्या वेलाशी गेलात तर हाती काही लागणार नाही. संध्याकाळी ताजं उमललेलं नर फूल (बारीक देठाचं, मागे फळ नसलेलं) खुडा, पाकळ्या मागे वळवा आणि मधला पिवळा भाग मादी फुलातल्या तीन फाकांच्या टोकावर हलकेच टेकवत फिरवा. एक नर फूल दोन-तीन माद्यांना पुरतं. तीन-चार दिवसांत फळ हिरवं राहून देठ जाड व्हायला लागला की जमलं.

वेल फुलायला लागल्यावर पहिले दहा-पंधरा दिवस नुसती नर फुलंच आली तर घाबरू नका, क्रमच तसा आहे. मुख्य वेलाला दहा-बारा पानं झाली की शेंडा खुडा. बगलफांद्यांवर मादी फुलं अधिक येतात. कुंडी किंवा ग्रो बॅग २० लिटरपेक्षा लहान असेल तर एका वेलावर दोन-तीनपेक्षा जास्त फळांची अपेक्षा धरू नका.

फळावर टोचल्याचा ठिपका आणि डिंकाचा थेंब दिसला, कापल्यावर आत अळ्या निघाल्या, तर मात्र ती फळमाशी. फळ लहान असतानाच कागदी पिशवीत बांधा. किडकं फळ खताच्या ढिगात टाकू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस उन्हात ठेवा आणि मग टाका.

मार्चमध्ये बियाण्यांच्या देवाणघेवाणीचा कार्यक्रम ठेवतोय. कोणती बियाणी स्वीकारावीत? (छत्रपती संभाजीनगर)

वाल, घेवडा, चवळी, मेथी, टोमॅटो यांचं घरचं बी निर्धास्त घ्या. ही पिकं बहुतांशी आपल्याच परागावर धरतात, वाण फारसा बिघडत नाही. मुळा आणि पालक यांचं परागीकरण परक्या झाडांशी होतं, पालकाचा पराग तर वाऱ्यावर उडतो. शेजारी दुसरा वाण असेल तर बी भेसळीचं निघतं. मिरचीतही हे बऱ्यापैकी घडतं. संकरित पाकिटातून वाढवलेल्या झाडाचं बी घेऊच नका. उगवेल, पण मूळ झाडासारखं नसेल, आणि लोक मंडळाला बोल लावतील.

टोमॅटोचं बी गरासकट वाटीत दोन-तीन दिवस आंबवा, वर बुरशीसारखा साय धरला की धुवा, तरंगणारं बी फेकून द्या, तळाचं सावलीत सुकवा. कागदावर पसरू नका, चिकटून बसतं, स्टीलची ताटली बरी.

कार्यक्रमाच्या दहा-बारा दिवस आधी प्रत्येकाचं बी जमा करून २० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. मेथी तीन-चार दिवसांत मोड दाखवते, टोमॅटो आठवडाभरात, मिरचीला दोन आठवडेही लागतात, तेव्हा ती आणखी आधी मागवा. २० पैकी १४ किंवा जास्त उगवले तर पुड्या बांधा, दहाच्या खाली असेल तर नम्रपणे परत करा. पुडीवर पिकाचं नाव, वाण, बी धरल्याचा महिना आणि गाव एवढं लिहा. धणे पेरायला देताना रगडून दोन फाका करून द्या.

जास्वंदीवर पांढरा कापूस साचलाय. कडुलिंबाचं तेल मारलं तर पानं करपली. (डोंबिवली)

हा पिठ्या ढेकूण. पानं तेलानं नव्हे, तेल मारायच्या वेळेनं आणि प्रमाणानं करपली असणार. एक लिटर पाण्याला तेल ५ मिली पुरे. ते नुसतं पाण्यात टाकलं तर वर तरंगतं, फवारणीत शेवटी निव्वळ तेलच पानांवर पडतं. आधी ५ मिली भांड्यांचा सौम्य द्रव साबण आणि तेल एकत्र फेटा, मग थोडं थोडं पाणी घाला. ऊन उतरल्यावर, पानांच्या मागून आणि बेचक्यांत फवारा. मधून मधून बाटली हलवा. सात दिवसांच्या अंतरानं तीनदा तरी करा, कारण त्या कापसाखालच्या अंड्यांवर पहिल्या फवाऱ्याचा परिणाम होत नाही. त्याआधी जास्त भरलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा. आणि मुंग्या पाहा. ढेकणाचा गोड स्राव खाण्यासाठी त्याच त्याला राखतात, एका फांदीवरून दुसरीवर नेतात. कुंडीचे पाय पाण्याच्या बशीत ठेवून त्यांची वाट तोडली नाही तर महिनाभरात कापूस परत. बशीतलं पाणी मात्र रोज बदला, नाहीतर डास.

शेवंतीची फुलं संपली. झाड फेकून द्यावं का? (सोलापूर)

नको. दांडे मातीपासून तीन-चार इंचांवर कापा. बुडाशी येणारे फुटवे मुळांसकट सोडवून चार इंची कुंड्यांत लावा आणि उन्हाळाभर सकाळच्या कोवळ्या उन्हात, दुपारच्या सावलीत जगवा. फुलांसाठी खत आत्ता घालू नका. जून-जुलैत त्यांचेच शेंडे खुडून नवी रोपं करायची.

शेडनेट किती टक्क्यांचं घ्यावं? (नागपूर)

फळभाज्यांना ५० टक्के, फर्न आणि पानांच्या शोभेच्या झाडांना ७५. विदर्भात मार्चअखेर बांधून तयार हवं. उंची किमान सात-आठ फूट ठेवा, चारही बाजूंनी बंद करू नका, आत कोंडलेली हवा उन्हापेक्षा वाईट. जाळीला कडेनं दुमड घालून दर दोन फुटांवर बांधा, आणि दोऱ्या अशा गाठींनी बांधा की वळवाचं वादळ दिसताच एका माणसाला पाच मिनिटांत जाळी गुंडाळता येईल. गच्चीवरून उडालेली जाळी विजेच्या तारांवर जाते.