पोट्टा गप्प आहे म्हणजे तयार आहे असं नसते, भाऊ

दारव्हा तालुक्यातून एका गॅरेजवाल्या भाऊंचं पत्र आलंय. थोडक्यात असं, की वीस वर्षांपासून रस्त्याला लागून गॅरेज आहे, इकडे लोक रेडिएटरमधे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या जाळीत, बोअरचंच पाणी टाकतात, मग आत खार जमतो आणि उन्हाळ्यात गाड्या तापतात, तर त्यावर यांनी स्वतःच एक पावडर पाण्यात घोळून औषध तयार केलं. चाळीसेक गिऱ्हाइकांना फुकट देऊन पाहिलं, सगळे म्हणाले लय भारी. आता दोन एकर गहाण टाकून सहा लाख उचलायचे, बाटल्या भरायचं मशीन घ्यायचं, आणि यवतमाळला मेकॅनिकल डिप्लोमाच्या सेकंड इयरला असलेल्या पोराला घरी आणून मार्केटिंगला लावायचं. मला विचारलंय की त्याला मार्केटिंगचा कोणता शॉर्ट कोर्स लावू. १०वीला ८२ टक्के होते, मोबाईलवर हुशार आहे, असंही लिहिलंय. आणि शेवटी एक ओळ, "त्याला विचारलं तर काही बोलत नाही, म्हणजे त्याची हरकत नाही."

भाऊ, तुमचं औषध चांगलं असेल नसेल ते पुढे पाहू, पण मी या ओळीवरच अडकलो. दोन पानी पत्रात गाड्यांचे मॉडेल आहेत, बाटलीचा भाव ३५० आहे, लेबलचा रंग कोणता ठेवायचा ते पण आहे, अन् पोट्ट्याचं एक वाक्य नाही. त्याला काय आवडते, कॉलेजात कसं चाललंय, एटीकेटी आहे का, काहीच नाही. एकोणीस वर्षांचा पोरगा बापासमोर गप्प बसतो म्हणजे हो म्हणतो असं तुम्हाला खरंच वाटते? आपल्या घरात बापासमोर कोणी "नाही" म्हणते का राजेहो? तुम्ही तरी म्हटलं होतं का तुमच्या बाबांना? तो गप्प आहे कारण जमीन गहाण, सहा लाख, बाबांचं वीस वर्षांचं स्वप्न, एवढं सगळं एकदम त्याच्या ताटात वाढलंय आणि आता नाही म्हटलं तर तो घरचा वैरी ठरणार.

आणि एक साधा हिशोब तुमच्या लक्षात आला नाही असं दिसते. तो १०वीवर डिप्लोमाला गेला. सेकंड इयरला सोडला तर त्याच्या हातात कागद कोणता राहील, तर १०वी पास. उद्या औषध नाही चाललं तर हा पोरगा एमआयडीसीत डिप्लोमा ट्रेनी म्हणून पण उभा राहू शकणार नाही, आणि चाललं तरी बँकेत, सप्लायरकडे, प्रत्येक ठिकाणी तो कागद मागतात. डिप्लोमा पूर्ण झाला तर पुढे डायरेक्ट सेकंड इयर इंजिनिअरिंग आहे, ज्युनिअर इंजिनिअरच्या भरत्या आहेत, कंपन्या आहेत, ते रस्ते सगळ्यांना माहीत आहेत, त्यावर मी वेळ घालवत नाही. मार्केटिंगचा शॉर्ट कोर्स मात्र कोणताच सांगणार नाही. विकणं तुम्हाला शिकायचं आहे, त्याला नाही, कारण माल तुमचा आहे.

आता औषधाकडे येतो. तुमचा सगळा भरवसा एकाच गोष्टीवर आहे, की चाळीस लोक भारी म्हणाले. भाऊ, फुकटच्या वस्तूला कोणी वाईट म्हणत नसते. ज्याच्याकडे अर्ध्या रात्री गाडी ढकलत न्यावी लागते त्या मिस्त्रीला तर अजिबातच नाही. ते चाळीस लोक तुमच्याबद्दल बोलले, औषधाबद्दल नाही. खपते की नाही हे कळायचा एकच मार्ग आहे, अनोळखी माणसाच्या खिशातून नोट बाहेर येते का ते पाहणं. उधारी नको, "पऱ्हाटी निघाली की देतो" पण नको, नगद. दिग्रस, नेर, आर्णी इथल्या दहा अशा गॅरेजवाल्यांकडे जा जे तुम्हाला ओळखत नाहीत, ३५० ची बाटली समोर ठेवा आणि गप्प बसा. आणि लक्षात ठेवा, गाडीचा मालक अशी वस्तू स्वतः निवडत नाही, मिस्त्री जे टाकेल ते तो टाकू देतो. तुम्ही स्वतः मिस्त्री आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळते. मग त्या मिस्त्रीला एका बाटलीमागे किती सुटणार हे पत्रात काहून नाही? दुसऱ्या खेपेला त्यानं स्वतः फोन करून बाटली मागितली तर समजा काहीतरी आहे.

दुसरं, रेडिएटर फ्लश म्हणून औषधं बाजारात आधीपासून आहेत, अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात मिळतात, आणि बरेच मिस्त्री सायट्रिक अ‍ॅसिडनं म्हणजे लिंबूसत्वानंच खार काढतात. तुमच्या पावडरमधे काय आहे ते तुम्ही लिहिलं नाही, धंद्याचं गुपित म्हणून असेल, पण संडास साफ करायच्या अ‍ॅसिडच्या जातीचं काही असेल तर आताच थांबा. जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे होते, आताचे अ‍ॅल्युमिनियमचे आणि टाक्या प्लास्टिकच्या, असलं अ‍ॅसिड अ‍ॅल्युमिनियम खाते. साधं औषध असलं तरी जुन्या गाडीत खारच भोकाला बूच लावून बसलेला असतो, खार निघाला की रेडिएटर गळायला लागते अन् गिऱ्हाईक म्हणते औषधानं भोक पाडलं. शिवाय गाडी तापते ती दरवेळी खारानंच तापते असं नाही. फॅनचा पट्टा, वॉटर पंप, हेड गॅस्केट, आणि आपल्याकडे तर सोयाबीनचा भुसा जाळीत अडकून ट्रॅक्टर तापतात, त्यात तुमची बाटली काय करणार? पण नाव तुमचंच खराब होणार. तुमच्या गॅरेजात तुम्ही गाडी पाहून ठरवता की हिला औषध लागते की नाही. बाटलीसोबत तुम्ही जात नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ज्यावर मी दोन दिवस विचार करत होतो. समजा औषध एक नंबर आहे, खार साफ. मग शहाणा माणूस पुढे काय टाकेल? कूलंट टाकेल, म्हणजे बोअरच्या पाण्याऐवजी रेडिएटरमधे भरायचं तयार द्रव. कूलंटमधे डिस्टिल्ड पाणी असते, उकळायचा बिंदू वाढवणारं ग्लायकॉल असते, गंज अडवणारी रसायनं असतात, म्हणजे पुन्हा खार जमणारच नाही आणि तुमची दुसरी बाटली खपणारच नाही. बोअरचंच पाणी टाकत राहिला तर वर्षभरानं येईल. म्हणजे गिऱ्हाईक जितकं शहाणं होईल तितका तुमचा धंदा कमी, असा माल आहे हा. त्यात सीझन पाहा. गाड्या तापतात मार्च ते जून, पारा ४० च्या वर गेला की, आणि नेमकं तेव्हाच शेतकरी बियाण्या-खताचे पैसे धरून बसलेला असतो, त्याच्या हातात पैसा येतो कापूस विकल्यावर, थंडीत, जेव्हा गाडी मस्त थंड चालते. उन्हाळ्यात पैसा असतो तो लग्नाच्या भाड्याच्या गाड्यावाल्यांकडे, बोलेरो, क्रूझर, काळी-पिवळी. तुमचं खरं गिऱ्हाईक तेच आहे, आणि ते तुमच्या तालुक्यात किती आहेत हे स्टँडवर चार दिवस बसून वहीत मोजता येते.

सहा लाख पाच वर्षांसाठी १२ टक्क्यांनी घेतले तर हप्ता महिन्याला १३,३०० च्या आसपास बसतो. बाटलीमागे १०० सुटले असं धरलं तरी १३३ बाटल्या दर महिन्याला, पावसाळ्यात पण, तेव्हा कुठे नुसता हप्ता निघेल. पगार नाही, डिझेल नाही, फुटलेल्या बाटल्या नाही.

म्हणून माझं मत विचाराल तर बाटली विकूच नका, काम विका. येत्या मार्च-एप्रिलमधे गॅरेजवर बोर्ड लावा, रेडिएटर साफ करून कूलंट भरून मिळेल, एकच रेट. मशीन नको, गहाण नको. एक सीझन किती गाड्या आल्या, किती परत तापल्या, किती गळाल्या ते वहीत लिहा. त्यानंतरही वाटलं की बाटली काढायचीच, तर सावकाराआधी जिल्हा उद्योग केंद्रात जा, प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागाला २५ ते ३५ टक्के सबसिडी आहे. बाटलीवर नाव-पत्ता, वजन, महिना-वर्ष, एमआरपी छापावंच लागते, तेही तिथेच विचारा.

पोराचं म्हणाल तर डिप्लोमाला शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करावा लागतो. त्याला वाटलं तर तो हाच विषय घेऊ शकतो, तुमच्या बोअरचं पाणी, तुमचं औषध, अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावर काय होते ते, कॉलेजच्या लॅबमधे तपासता येईल. त्याला वाटलं तर. ज्या दिवशी तो शनिवारी घरी येईल तेव्हा गॅरेजात नाही, वावरात घेऊन जा आणि औषधाचा विषयच काढू नका, कॉलेजचं विचारा. अर्धा तास तो काहीच बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका. नंतर त्याला लिहावंसं वाटलं तर त्यानं स्वतः लिहावं, मी उत्तर देईन, तुम्ही त्याच्या वतीनं लिहू नका.

आणि एक राहिलंच. तुम्ही लिहिलंय की सध्या ते औषध पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरून टपरीवर ठेवता. ते आजच उचला, पत्र वाचून झालं की लगेच. मे महिन्यात तहानलेला माणूस बाटलीचं झाकण उघडायच्या आधी लेबल वाचत नाही.