डावखुऱ्या सेंटर-बॅक मुलाला कोणाचे सामने दाखवू?

तुम्ही लिहिलंय की मुलगा चौदा वर्षांचा आहे, डाव्या पायाने खेळतो आणि फुटबॉलच्या प्रशिक्षकांनी त्याला सेंटर-बॅकला, म्हणजे गोलसमोरच्या बचावाच्या मधोमध, उभं केल्यापासून हिरमुसलाय. मागे उभं राहून आपल्याला गोल करायला कुठे मिळणार, असं त्याला वाटतंय. त्याला बेल्जियमच्या यान व्हर्टोंगेनचे सामने दाखवा.

बेल्जियम म्हटलं की सगळे हझार्ड, डी ब्रॉयना, लुकाकू यांच्याबद्दल बोलतात. पण त्या देशाकडून सर्वांत जास्त सामने, तब्बल १५७, खेळलाय तो हा डावखुरा बचावपटू. जन्म १९८७ चा, सिंट-निक्लास गावचा. अँटवर्पच्या गेर्मिनाल बीअरशॉट क्लबच्या अकादमीतून तो किशोरवयातच नेदरलँड्सच्या आयॅक्स क्लबला गेला. टॉबी अल्डरवेरेल्डही तिथूनच आयॅक्सला आला. पुढे इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबमध्ये आणि राष्ट्रीय संघातही ही जोडी शेजारी-शेजारी खेळली. एक जण पुढे झेपावला की दुसरा न सांगता मागची जागा धरायचा. मुलाला सामना दाखवताना थोडा वेळ चेंडू सोडून फक्त या दोघांकडे बघायला सांगा. २०१६-१७ च्या प्रीमियर लीगमध्ये टॉटनहॅमने ३८ सामन्यांत फक्त २६ गोल खाल्ले होते, लीगमध्ये सर्वांत कमी. ते कसं जमलं, हे तेव्हा कळेल.

डाव्या पायाचं महत्त्वही त्याला इथेच दिसेल. डाव्या बाजूला उजव्या पायाचा सेंटर-बॅक असला तर कडेला पास द्यायला त्याला बऱ्याचदा चेंडू आधी उजव्या पायावर घ्यावा लागतो, आणि तेवढ्यात समोरचा स्ट्रायकर अंगावर येतो. व्हर्टोंगेन अंग न वळवता पहिल्याच स्पर्शात पास मोकळा करायचा. म्हणूनच तो बेल्जियमसाठी कित्येक सामने लेफ्ट-बॅकला, म्हणजे डाव्या कडेच्या बचावालाही खेळला. फेब्रुवारी २०१९ मध्ये जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबविरुद्ध टॉटनहॅमने त्याला डाव्या कडेला विंग-बॅक (कडेने पुढे-मागे धावणारा बचावपटू) म्हणून उतरवलं, तर कडेवरून त्याने टाकलेल्या क्रॉसवर सहकारी सॉनने गोल केला आणि नंतर त्याने स्वतःही एक मारला. टॉटनहॅम ३-० ने जिंकलं.

गोलबद्दल मुलाची तक्रार आहे ना, मग २०१८ च्या विश्वचषकातला जपानविरुद्धचा सामना दाखवाच. आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झाला होता. ५२ व्या मिनिटाला जपान २-० ने पुढे गेलं तेव्हा मी टीव्ही बंद करायच्या बेतात होतो. ६९ व्या मिनिटाला कॉर्नरनंतर चेंडू उंच उडून पेनल्टी बॉक्सच्या डाव्या टोकाला आला. व्हर्टोंगेनने तो डोक्याने गोलसमोर परत टाकला. चेंडू उंच कमान घेत गोलकीपरच्या डोक्यावरून पलीकडच्या कोपऱ्यात उतरला. मला तरी तो क्रॉसच वाटतो, पण गोल तो गोल. मग फेलाइनीने बरोबरी साधली आणि अगदी शेवटच्या क्षणी चाडलीने सामना जिंकून दिला.

चुकाही लपवू नका. २०१४ च्या विश्वचषकात अल्जीरियाविरुद्ध त्याच्याच फाउलमुळे समोरच्यांना पेनल्टी मिळाली, आणि त्याच स्पर्धेत दहा जणांनिशी खेळताना कोरियाविरुद्ध एकमेव गोल त्यानेच केला. त्याचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना म्हणजे १ जुलै २०२४, युरो स्पर्धेत फ्रान्सशी. ८५ व्या मिनिटाला समोरच्याचा फटका त्याच्या पायाला लागून आत गेला आणि बेल्जियम त्या एका स्वयंगोलाने हरलं. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. ते दृश्य मला आजही बघवत नाही.

आता एक गोष्ट तुमच्यासाठी. ३० एप्रिल २०१९, चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी, समोर त्याचाच जुना क्लब आयॅक्स. हवेतल्या चेंडूसाठी उडी घेताना तो अल्डरवेरेल्डवर आदळला, नाकातून रक्त आलं. कडेला तपासणी झाली, तो परत मैदानात आला आणि मिनिटभरात वाकून ओकाऱ्या काढायला लागला. पाय लटपटत होते, दोन्ही बाजूंनी धरून त्याला बाहेर नेलं. आठवड्याभराने परतीच्या सामन्यात तो चेहऱ्यावर मुखवटा लावून खेळला, त्याचा एक हेडर क्रॉसबारवर आदळला, आणि लुकास मोराच्या तीन गोलांमुळे टॉटनहॅम अंतिम फेरीत गेलं. सगळे त्या रात्रीबद्दल बोलतात. व्हर्टोंगेनने २०२० च्या अखेरीस सांगितलं की त्या धडकेनंतर नऊ महिने त्याला चक्कर आणि डोकेदुखी होती. कराराचं शेवटचं वर्ष होतं, खेळलंच पाहिजे असं वाटून त्याने कुणाला सांगितलं नाही.

जगातल्या उत्तम बचावपटूने हे लपवलं, तर चौदा वर्षांचं पोर नक्की लपवेल. सेंटर-बॅकच्या डोक्याशी सारखीच कुणाची ना कुणाची टक्कर होते. तुमच्या मुलाला असा मार लागला आणि तो 'मी ठीक आहे' म्हणाला, तरी त्या दिवशी त्याला परत मैदानात उतरू देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. प्रशिक्षकांशी हे आत्ताच बोलून ठेवा.